सावजीतलं बायकांचं टेबल

नव्या गावात गेलं की गल्लीबोळातली जुनी, 'अस्सल' ठिकाणं शोधायची आणि रंगीत दिव्यांच्या, सगळ्यांच्या फोनमध्ये फिरणाऱ्या हॉटेलांकडे फिरकायचं नाही, असं सांगणारे मला आजवर बरेच भेटले. बहुतेक पुरुष होते. सल्ल्यात वावगं काही नाही. पण आपण एकटं आत शिरलो आणि सगळ्या टेबलांवरच्या माना आपल्याकडे वळल्या, हा अनुभव त्यांच्यापैकी कुणाला आलेला नसतो. मला आलाय, आणि एकाच गावात नाही. म्हणून अनोळखी शहरात मी आधी चर्चेतल्या ठिकाणीच जाते.

मी इचलकरंजीची. यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहिते, त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. कापडाच्या अडकलेल्या पैशांसाठी सुरत, भिवंडी, मालेगाव असं फिरावं लागतं, बहुतेकदा एकटीनं. या फिरतीत मी हॉटेल पारखायची एक खूण ठरवून घेतली आहे. संध्याकाळी सातनंतर तिथं एखादी मुलगी एकटी बसून निवांत खाताना दिसते का? दिसली की मी आत जाते. चव त्याच्यानंतर. ज्यांना हे उलटं वाटतं त्यांनी एकदा आपल्या बहिणीला विचारून बघावं.

नागपूर मला पूर्ण परकं होतं. लेक व्हीएनआयटीत आर्किटेक्चरला आहे, तिच्याकडे डिसेंबरात गेले. आमच्याकडून नागपूर म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेस. हातकणंगल्याला दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरायचं. एकाच राज्याच्या दोन टोकांमध्ये एवढं अंतर आहे हे नकाशावर कळत नाही, गाडीत बसून कळतं. त्यात हिवाळी अधिवेशन सुरू होतं. 1953 च्या नागपूर करारामुळे वर्षातलं एक अधिवेशन इथं भरतं हे शाळेत पाठ केलं होतं, पण त्याचा खरा अर्थ सीताबर्डीवर खोली शोधताना समजला. लॉज भरलेले, हॉटेलांबाहेर सरकारी गाड्या उभ्या, आणि सावजीत, म्हणजे इथल्या तिखट मटण-रश्श्याच्या भोजनालयात, जागा मिळायची तर वेळेआधी जाऊन बसा, असं रिक्षावाल्यानं न विचारता सांगितलं. शेवटी लक्ष्मीनगरात एका निवृत्त बाईंच्या घरी खोली मिळाली. लेकीच्या कॉलेजपासूनही जवळ.

सकाळ तर्री पोह्यांची. कस्तुरचंद पार्कजवळ, रिझर्व्ह बँकेच्या अंगानं, पहाटेपासून माणसं उभी असतात. पोहे तसे साधेच, हळदीचे, जरा फिकेच. सगळा जीव त्यांच्यावर ओतलेल्या काळ्या चण्यांच्या रश्श्यात. वर कांदा, थोडा चिवडा, लिंबाची फोड. आमच्याकडे मिसळीचा कट रोजचा, त्यामुळे तिखटाची भीती नव्हती, पण पोह्यांवर रस्सा घ्यायचा हे माझ्या हाताला पटत नव्हतं. पहिल्या घासाला मी चमचा कोरड्या बाजूनं घातला. गाडीवरच्या मुलानं ते बघितलं आणि विचारलं, "ताई, तर्री मारू का अजून?" हो म्हटलं. त्यानं डाव भरून तर्री घातली, पोहे पार भिजले, आणि मग ते खरे लागले. कोरडे राहिलेले पोहे आणि वेगळा रस्सा, असं ते खायचंच नसतं. पोह्यानं तर्री पिऊन फुगायला पाहिजे.

त्या गर्दीत बायका किती होत्या ते मी बघत होते. भरपूर होत्या. बँकेत निघालेल्या, फिरून आलेल्या, एक तर शाळेच्या डब्यासकट मुलाला स्कूटीवर पुढं उभं करून आलेली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. रस्त्यावरची ही गाडी माझ्या परीक्षेत पहिल्या नंबरानं पास झाली. म्हणजे नवं-जुनं, काचेचं-पत्र्याचं हा प्रश्नच नाही. उजेडात उभं राहून खाता येतं की आत अंधारात बसावं लागतं, हा प्रश्न आहे.

लेकीला मला सदरला डॉलीच्या टपरीवर न्यायचंच होतं. 2024 च्या फेब्रुवारीत बिल गेट्स यांच्यासोबतचा त्याचा व्हिडिओ जगभर गेला, तो हैदराबादेत झाला होता, पण चहावाला नागपूरचा. आमच्या पुढेमागे सगळे बाहेरगावचे, कुणी अकोल्याचं, कुणी रायपूरचं. दूध उंचावरून सोडण्याची त्याची लकब मुलं डोळे विस्फारून बघत होती. चहा गोड, वेलदोड्याचा. टपरीवर चहा विकणाऱ्या माणसाला बघायला लोक रेल्वेची तिकिटं काढून येतात, याचा मला मनापासून आनंद झाला.

मग शंकर नगर, वेस्ट हायकोर्ट रोड, धरमपेठ. मेट्रोनं शंकर नगर चौकात उतरलं की दोन्ही बाजूंना कॅफेच कॅफे. लेकीच्या वर्गातली सगळी मुलं तिथल्या एका जागेचं नाव घेतात, ते मी इथं लिहीत नाही, कारण पुढं तक्रार आहे. झाडं टांगलेली, भिंतीवर गुलाबी दिव्यांत काहीतरी लिहिलेलं, बसायला वेताच्या खुर्च्या. रात्रीचे नऊ वाजत आले होते आणि एका कोपऱ्यात एक मुलगी वही उघडून एकटी बसली होती, दुसऱ्या कोपऱ्यात दोघी कसलातरी आराखडा पसरून वाद घालत होत्या. स्वच्छतागृह स्वच्छ, कडी लागणारी, आत दिवा. हे वाचून कुणाला वाटेल की ही बाई हॉटेलात जाऊन कड्या तपासते. तपासतेच. दिवसभर परगावी हिंडणाऱ्या बाईसाठी पाणी किती प्यायचं हे त्या कडीवर ठरतं.

तक्रार संत्र्याची. तिथं संत्र्याचं चीजकेक मागवलं. दिसायला देखणं, पण तोंडात बाटलीतल्या अर्काचा वास आला. डिसेंबर महिना, आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात येणारी, फळं बाजारात, गोकुळपेठेत ढीग लागलेले, सालीवर नख टेकलं की ती सुटते असा ताजा माल. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच नागपुरात संत्र्याच्या नावावर अर्क? वाढणाऱ्या मुलाला विचारलं. तो चांगला मुलगा होता, त्यानं टाळाटाळ केली नाही. म्हणाला, "मॅडम, संत्रा बारा महिने सारखा नसतो न. एकदा आंबट निघाला की लोक फोटो टाकतात, लिहितात. म्हणून हे."

त्याचं उत्तर मी पुढचे दोन दिवस डोक्यात घेऊन फिरले. चर्चेतल्या ठिकाणांचं खरं दुखणं हे आहे. ज्यानं काल फोटो बघितला त्याला आज तस्संच ताट पाहिजे, मे महिन्यात पाहिजे आणि डिसेंबरातही. मग गावात पिकणारं फळ गावातल्याच स्वयंपाकघराला अडचणीचं होतं. आंबियाचं संत्रं वेगळं, फेब्रुवारीनंतर येणारं मृग बहाराचं वेगळं, हे फळवाल्याला ठाऊक असतं, खाणाऱ्याला सांगायचं कुणी? पाटीवर लिहा की, 'सध्या संत्री आंबिया बहाराची, जरा आंबट आहेत'. मी तर त्यासाठी मुद्दाम गेले असते. घरी न्यायला शेवटी हल्दीरामची संत्रा बर्फी घेतली, तीच सगळ्यांना आवडते.

आता जे सांगायला बसले ते.

लेकीची एक वर्गमैत्रीण गोळीबार चौकाच्या बाजूची, कोष्टी म्हणजे विणकरांच्या घरातली. आम्हीही मागाच्या गावचे म्हटल्यावर तिनं मला घरी नेलं. चितारओळीला मेट्रोनं उतरून पुढं रिक्षा. गल्ल्या अरुंद, घरांना उंच ओटे. त्यांच्या घरी आता माग नाही. तिच्या आजी ऐंशीच्या घरातल्या, पण बोटं अजून सारखी हलत असतात. ती हालचाल मी ओळखली. आमच्याकडे कांड्या भरणाऱ्या बायकांची बोटं म्हातारपणी अशीच हलतात, सूत नसलं तरी. आजींनी विचारलं, "तुमच्याकडं बाया मागावर बसतात का?" म्हटलं, पूर्वी हातमागावर घरचं सगळंच माणूस लागायचं. आमच्याकडे पहिला यंत्रमाग 1904 साली आला आणि पुढं गावच मागांचं झालं. त्या म्हणाल्या, "आमचं उलट झालं. इथं गिरणी आली."

गिरणी म्हणजे एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केली, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, म्हणून ते नाव. आता गांधीसागर तलावाजवळ त्या जागेवर एम्प्रेस मॉल आहे. लेक मला तिथं घेऊन गेली होती. वरच्या मजल्यावर खाण्याचे गाळे ओळीनं, तरुण पोरंपोरी ट्रे घेऊन बसलेली. मी एक डोसा खाल्ला. जिथं साच्यांचा, म्हणजे गिरणीतल्या मागांचा, खडखडाट होता तिथं बसून खाताना मला घशाखाली घास उतरेना, कारण आमच्या गावातही एकेक शेड बंद पडत चाललंय आणि त्या जागांवर मंगल कार्यालयं उभी राहतायत. मॉलमध्ये कुठंतरी त्या गिरणीचा एक साचा ठेवायला हवा होता, असं मला वाटत राहिलं. मी पाहिलं तेवढ्या भागात तरी काही दिसला नाही.

आजी सांगत होत्या की मागाचं काम कमी होत गेलं तसं कोष्ट्यांनी आपल्या घरातलं जेवण विकायला काढलं. घरातल्याच खोलीत चार बाकं टाकायची आणि मटण-भाकर वाढायची. ती सावजी भोजनालयं. मसाला घरच्या बायकांनी भाजायचा, कुटायचा, वाटायचा, रस्सा त्यांनीच शिजवायचा. पूर्वी जवसाचं तेल वापरायचे. वाढायला आणि गल्ल्यावर पुरुष. खायला येणारेही पुरुष, आणि बऱ्याचदा बाटली घेऊन आलेले. "बाईमाणूस आत जात नव्हतं बाप्पा. आमचंच अन्न, पण आम्ही चुलीपाशी. बाहेरच्या बाईनं खाल्लं तर नवऱ्यानं डब्यात नेलं तर खाल्लं."

हे ऐकून मी थोडा वेळ गप्प झाले. नागपूरची ओळख म्हणून जे जेवण सगळीकडे सांगितलं जातं, ते रांधणाऱ्या बायकांनी ते कधी बाहेर, खुर्चीवर बसून, दुसऱ्यानं वाढलेलं खाल्लेलंच नव्हतं.

मग मैत्रीण म्हणाली, "आजी, खामल्याकडं नवीन सावजी झालं आहे, एसीवालं. सगळे तिथंच जाऊन राहिले. चल न." आजी आधी नाही म्हणाल्या. गुडघे, जिने, दातांचं कारण सांगितलं. मी म्हटलं, मीही एकटी आलेय, सोबत पाहिजे. तेव्हा निघाल्या. नऊवारी बदलून, पदर नीट करून.

ते ठिकाण सध्या नागपुरात चर्चेत आहे हे दारातच कळत होतं. बाहेर थांबायला बाकं, नाव लिहून घ्यायला वहीवाला मुलगा, आत पितळी भांडी, भिंतीला विटांचा रंग. आणि बायका. एका टेबलावर सहा-सात जणींची भिशी. एका टेबलावर नवरा-बायको आणि तान्हं मूल. एक मुलगी गळ्यात ओळखपत्र अडकवून, कुठल्यातरी ऑफिसातून तडक आलेली, एकटी, भाकरी कुस्करून रश्श्यात बुडवून खात होती. मी आजींना तिच्याकडे बोट दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

आम्ही मटण घेतलं, डाळकांदा, पाटवडी रस्सा आणि ज्वारीची भाकरी. आमच्या तांबड्या रश्श्याचा झणका जिभेवर आधी येतो आणि पांढऱ्या रश्श्यानं उतरतो. सावजीचं तसं नाही. रस्सा काळपट, पहिल्या घासाला धने-खसखशीचा भाजका वास, दगडफूल, आणि तिखट कुठंय असं म्हणेपर्यंत मिरी घशात पोचलेली असते. मग ती तिथंच राहते. आमच्याकडे ब्याडगी आणि संकेश्वरी, इथं भिवापूरची मिरची, नागपूर जिल्ह्यातलीच. डाळकांदा मात्र मला मटणापेक्षा जास्त आवडला. हरभऱ्याची डाळ अख्खी दिसते पण बोटानं चेपते, आणि कांदा इतका शिजलेला की रश्श्यात विरघळून जातो. पाटवडी त्या रश्श्यात वरून सोडलेली होती, कडेनं मऊ, मधे अजून घट्ट. विदर्भात आलात आणि मटण खात नसलात तर काही बिघडत नाही, हे दोन पदार्थ घ्या.

आजींनी मटणाचा रस्सा आधी बोटावर घेऊन चाखला. "मसाला घरचा आहे," त्या म्हणाल्या. "तेल दुसरं आहे. भाजताना घाई केली आहे थोडी. पण घरचा आहे." लेकीनं विचारलं, घरचा हे कशावरून? "खसखस वेगळी वाटून टाकली आहे. यंत्रात सगळं एकत्र गेलं की खसखस मरते." मग त्या शांतपणे जेवल्या. सगळं ताट संपवलं, दुसरी भाकरी मागून घेतली, वाढणाऱ्या मुलाला "अजून रस्सा आण" म्हणाल्या. मैत्रीण माझ्या कानात म्हणाली की आजी घरी एवढं कधीच जेवत नाही. घरी त्या सगळ्यांच्या नंतर बसतात.

माझ्या ओळखीचे खवय्ये या एसी सावजींना नावं ठेवतात हे मला माहीत आहे. तिखट उतरवलं, तेल कमी केलं, दर वाढवले, मजा गेली. दर वाढवले हे खरं आहे, गोळीबार चौकातल्या साध्या भोजनालयापेक्षा इथं बिल बरंच चढं होतं, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी हे दार अजून बंदच आहे. तेलाचं आजींनीच सांगितलं. पण मजा गेली म्हणणाऱ्यांनी कुणाची मजा तेही सांगावं. त्या टेबलावर आजींची चालली होती, आणि ती मी डोळ्यांनी बघत होते.

हात धुवून आलो तर आजी भिंतीपाशी उभ्या. तिथं 'आमची गोष्ट' म्हणून मोठी चौकट लावली होती. जुना हातमाग, त्याच्यामागं बसलेले मालकाचे आजोबा, आणि खाली त्यांनी भोजनालय कसं उभारलं याची माहिती. आजी फोटोतल्या मागाकडे बघत होत्या. आजोबांच्या हातात धोटा होता, आडवं सूत नेणारा. "धोटा हातात धरून बसवलं आहे त्यांना," त्या म्हणाल्या, "फोटोपुरतं." गल्ल्यावर मालकाचा नातू बसला होता, पंचविशीतला असेल. आजींनी त्याला हाक मारली. तो लगबगीनं आला, वाटलं असेल काही कमी-जास्त झालं.

"मसाला कोण कुटत होतं तुमच्याकडं?"

"आजी. आताही तीच सांगते, आई भाजते."

"मग तिचा फोटो काहून नाही लावला?"

पोरगा गडबडला. आधी म्हणाला तिचा चांगला फोटो नाही. मग म्हणाला, आहे, लग्नातला आहे, पण त्यात ती स्वयंपाक करताना नाही. आजी म्हणाल्या, बसलेली असली तरी चालते, नाव लिही खाली. तो म्हणाला, "लावतो न आजी. पक्कं लावतो." आणि त्यानं फोन काढून तिथल्या तिथं घरी विचारलं, अल्बम कुठल्या कपाटात आहे म्हणून.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीला आणायला पुन्हा जायचं आहे. तेव्हा मृग बहारही संपलेला असेल आणि नागपूर तापलेलं असेल, पण खामल्याला जाणार आहे. फोटो लागला असेल तर त्याखालचं नाव वाचून येईन. नसेल लागला तर आजींना घेऊन त्याच टेबलावर बसेन आणि त्यांनाच पुन्हा विचारायला लावेन.